पान, माती आणि मुलांची चित्रे

देशातील कोणत्याही प्राथमिक शाळेत जाऊन मुलांना ‘निसर्गचित्र काढा’ असे सांगितले, तर पुष्कळशा कागदांवर एकच चित्र उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून अर्धा वर आलेला सूर्य, डोंगरातून निघून कागदाच्या तळाशी रुंद होत जाणारी नदी, एका बाजूस उतरत्या छपराची झोपडी, दुसऱ्या बाजूस नारळाचे झाड आणि आकाशात चार-दोन रेघांचे पक्षी. समुद्रकाठचे मूल हे चित्र काढते. ज्याने नारळाचे झाड कधी पाहिलेले नाही असे राजस्थानातील मूलही हेच काढते. आणि जेथे क्षितिजापर्यंत एकही डोंगर नाही अशा गंगेच्या सपाट खोऱ्यातील मूलही हेच काढते. चित्र नीटनेटके असते, रंग रेषेच्या आत राहिलेले असतात आणि त्याला गुणही चांगले मिळतात. त्यात चूक म्हणावी असे काही नसते. उणीव असते ती एवढीच, की काढणाऱ्या मुलाने त्यातले काहीच पाहिलेले नसते.

शाळेच्या खिडकीबाहेर मात्र त्याच वेळी एखादा कडुनिंब उभा असतो. त्याची पाने कशी जुळलेली आहेत, खोडाच्या सालीवर भेगा कोणत्या दिशेने गेल्या आहेत, त्याच्या सावलीत कोण बसते, हे त्या मुलाला ठाऊक असते किंवा विचारल्यास पाच मिनिटांत कळू शकते. परंतु ‘निसर्गचित्र’ या शब्दाशी त्या झाडाचा काही संबंध आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते. निसर्गावर आधारलेले कलाशिक्षण म्हणजे हा तुटलेला संबंध पुन्हा जोडण्याचा प्रयत्न होय. आपल्या देशात असा प्रयत्न नवा नाही. तो घरांच्या अंगणात फार पूर्वीपासून चालत आला आहे आणि शाळांमध्येही त्याला शंभर वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे.

मूल चित्र कसे काढते

या प्रयत्नांकडे वळण्यापूर्वी मुलाच्या चित्रांविषयी थोडे समजून घेणे आवश्यक आहे. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास मूल रेघोट्या ओढू लागते. त्या रेघोट्यांत प्रथम कशाचेही चित्र नसते. हाताच्या हालचालीची खूण मागे उरते याचाच त्याला आनंद होत असतो. पुढे वर्तुळ बंद होते, वर्तुळाला डोळे फुटतात, हातपाय फुटतात आणि माणूस तयार होतो. शाळेत जाण्याच्या वयापर्यंत प्रत्येक मूल माणूस, झाड, घर यांच्यासाठी स्वतःच्या अशा काही आकृती ठरवून घेते. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या अवस्थांचे सविस्तर वर्णन केले आहे. त्यापूर्वी १८९७ साली फ्रान्झ सिझेक यांनी व्हिएन्ना येथे मुलांसाठी कलावर्ग सुरू केला होता. बालचित्रकला ही प्रौढांच्या चित्रकलेची अपुरी नक्कल नसून तिचे स्वतःचे नियम असतात, हा विचार तेथे प्रत्यक्षात आणला गेला.

हे नियम मोठ्यांना चमत्कारिक वाटतात. सहा-सात वर्षांचे मूल आंब्याचे झाड काढते तेव्हा जमिनीखालची मुळेही काढते, जणू जमीन काचेची आहे. रस्त्याच्या दोन्ही कडांची झाडे दोन्ही बाजूंना आडवी पाडलेली दिसतात. झाडावरचा आंबा त्याच झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याएवढा असतो. यात निरीक्षणाची चूक शोधणे व्यर्थ आहे. मुळे असतात हे मुलाला माहीत आहे, म्हणून ती चित्रात येतात. आंबा महत्त्वाचा आहे, म्हणून तो मोठा होतो. मूल डोळ्यांना दिसलेले आणि मनाला ठाऊक असलेले यांत भेद करीत नाही.

येथे एक प्रश्न निर्माण होतो. मुलाची स्वतःची ठरलेली आकृती आणि दोन डोंगरांचे ठरलेले चित्र यांत फरक कोणता? दोन्ही पुनःपुन्हा येतात. परंतु स्वतःची आकृती अनुभवाबरोबर बदलते. जे मूल झाडावर चढून आले आहे, त्याच्या पुढच्या चित्रात फांद्या जाड होतात, पाय ठेवण्याची जागा दिसू लागते, कदाचित सालीवरचे मुंगळेही येतात. उसने घेतलेले चित्र मात्र पहिलीपासून सातवीपर्यंत तसेच राहते, आणि तेच मूल प्रौढ झाल्यावर त्याच्या हाती कागद दिला तरी पुन्हा तेच दोन डोंगर काढते. त्या चित्रात अनुभवाला शिरण्यास वाटच नसते.

अंगणातील परंपरा

मुलांच्या हातून निसर्गातील साहित्याने कलाकृती घडण्याची सर्वांत जुनी जागा शाळा नव्हे, अंगण होय. माळवा, राजस्थान या प्रदेशांत पितृपंधरवड्यात लहान मुली सांझी मांडतात. घराच्या भिंतीवर शेणाने रोज संध्याकाळी वेगळी आकृती काढली जाते आणि तेरडा, झेंडू अशा त्या दिवसांत फुलणाऱ्या फुलांच्या पाकळ्या तीवर चिकटवल्या जातात. चंद्र, सूर्य, फुले, पक्षी असे एक-एक रूप येत जाते. माळव्यात अखेरच्या दिवसांत ‘किलाकोट’ नावाची मोठी आकृती सिद्ध होते आणि पंधरवडा संपताच सारे पाण्यात सोडले जाते. केरळात ओणमच्या वेळी अत्तम ते तिरुवोणम या दहा दिवसांत अंगणात पूक्कळम म्हणजे फुलांची रांगोळी घालतात. पहाटे टोपल्या घेऊन फुले गोळा करणे हे मुलांचे काम असे आणि इवल्याशा पांढऱ्या तुंब्याच्या फुलाला त्यात मानाचे स्थान असे. उत्तराखंडात मार्चच्या मध्यावर फूलदेई येते. त्या दिवशी मुले रानातून फ्योंलीची पिवळी आणि बुरांशाची लाल फुले वेचून आणतात आणि गावातील घरोघरच्या उंबरठ्यावर वाहतात. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुट्टीत दगडमातीचा किल्ला उभा राहतो आणि त्याच्या उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून रान उगवले जाते.

या सर्व प्रथांत काही गोष्टी समान आहेत. साहित्य विकत आणावे लागत नाही. ते त्या ऋतूत त्या जागी जे असेल तेच असते. म्हणून कोणते फूल कोठे आणि केव्हा सापडते, हे ज्ञान कलेच्या आधीच मुलाच्या पदरी पडते. लहान मूल मोठ्या बहिणीच्या शेजारी बसून शिकते. वेगळा शिकवणारा नसतो. कोणी गुण देत नाही. आणि कृती टिकवण्याचा हट्ट नसतो. फुले सुकतात, किल्ला पावसात विरघळतो, पुढच्या वर्षी सारे पुन्हा करायचे असते.

आता ही परंपराही पूर्वीसारखी राहिलेली नाही. केरळातील शहरांत पूक्कळमची पुष्कळशी फुले बाजारातून येतात आणि ती शेजारच्या तामिळनाडू व कर्नाटकातील शेतांतून आलेली असतात. रांगोळी पूर्वीपेक्षा मोठी आणि झगझगीत होते. परंतु कुंपणाकाठी तुंबा शोधणारे मूल त्या व्यवहारातून बाहेर पडते. अंगण ज्या प्रमाणात आक्रसते, त्या प्रमाणात शाळेवरील जबाबदारी वाढते.

शांतिनिकेतनचा प्रयोग

शाळेने ही जबाबदारी कशी उचलावी, याचे आपल्या देशातील सर्वांत परिचित उदाहरण शांतिनिकेतनचे आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांनी २२ डिसेंबर १९०१ रोजी पाच विद्यार्थ्यांसह तेथे शाळा सुरू केली. बीरभूम जिल्ह्याचा हा भाग सुपीक आणि हिरवागार बंगाल नव्हे. तांबडी जांभ्याची जमीन, पावसाच्या पाण्याने तिला पाडलेल्या घळी, ज्यांना तेथे ‘खोवाई’ म्हणतात, मधूनच उंच ताडाची झाडे आणि जवळून वाहणारी कोपाई नदी असा तो प्रदेश. वर्ग झाडांखाली भरत. पाऊस आला की वर्ग उठे आणि पाऊस पाहणे हाच त्या वेळेचा पाठ ठरे.

१९१९ साली तेथे कलाभवनाची स्थापना झाली आणि पुढे नंदलाल बोस त्याचे प्रमुख झाले. शाळेतील लहान मुले आणि कलाभवनातील विद्यार्थी एकाच आश्रमात वावरत असल्यामुळे कला हा वेळापत्रकातील एक तास न राहता परिसराचाच भाग बनला. अक्षरओळखीच्या वयातील मुलांच्या हाती १९३० साली रवींद्रनाथांचे ‘सहज पाठ’ आले, तेव्हा त्यातील चित्रे नंदलालांनी लिनोलियमवर कोरून छापली होती. काळ्या-पांढऱ्या सपाट छपाईतील या चित्रांत बंगालच्या खेड्यातील परिचित जग अगदी मोजक्या आकारांत दिसते. मुलाला नक्कल करण्यासाठी ती चित्रे नव्हती. ओळखीची वस्तू किती थोड्या रेषांत सांगता येते, हे ती दाखवीत होती.

आश्रमातील सण हे कलाशिक्षणाचे दुसरे दालन होते. पूर्व बंगालातून आलेल्या सुकुमारी देवींनी तेथे अल्पना शिकवली. तांदळाच्या पिठाने जमिनीवर काढण्याची ही कला व्रतांशी निगडित होती आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी १९१९ साली ‘बांगलार व्रत’ या पुस्तकात तिचा विचार केला होता. नंदलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पना व्रताच्या चौकटीबाहेर आणली. कमळ, वेल, धान्याची लोंबी, शंख हे आकार हुबेहूब न काढता त्यांच्या वाढीची लय रेषेत उतरवावयाची, ही तिची पद्धत. वेल जशी पुढे सरकते तशीच रेषा सरकते. दर ठरावीक अंतरावर पान फुटते, कारण खऱ्या वेलीलाही ते तसेच फुटते. १४ जुलै १९२८ रोजी शांतिनिकेतनात पहिला वृक्षारोपण-उत्सव झाला. फुलापानांनी सजवलेल्या पालखीतून रोप मिरवत नेण्याची तेथील प्रथा आजही चालू आहे. पालखी सजवणे, वाटेवर अल्पना काढणे, अंगावर पानाफुलांचे अलंकार घालणे या कामांत गुंतलेल्या मुलांना कला आणि झाड यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या लेखनात नंदलालांनी सामान्य शिक्षणातील कलेच्या स्थानाचा आग्रहाने विचार केला. शरदात कमळांचे तळे आणि धानाची शेते, वसंतात फुललेला पळस आणि सावर मुलांना मुद्दाम नेऊन दाखवावीत, असे त्यांचे सांगणे होते. ही सहल अभ्यासाच्या आड येते असे मानणाऱ्यांना सौंदर्यदृष्टी ही देखील शिकवावी लागते याचा विसर पडतो. अवनींद्रनाथांनी आयुष्याच्या उत्तरार्धात वाळक्या फांद्या, मुळे, लाकडाचे तुकडे गोळा करून ‘कुटुम-काटुम’ नावाची खेळणी केली. त्यांची युक्ती साधी होती. तुकडा हाती घ्यावयाचा, तो फिरवून पाहावयाचा आणि त्यात आधीच दडलेला पक्षी किंवा प्राणी ओळखून त्याला किंचित मदत करावयाची. मोठ्या चित्रकाराने वृद्धपणी केलेला हा खेळ प्राथमिक शाळेतील मुलाला लगेच समजतो, कारण तो त्याचाच खेळ असतो.

सेवाग्राम आणि कोसबाड

शांतिनिकेतनविषयी बोलताना अशी शंका नेहमी घेतली जाते, की रवींद्रनाथ आणि नंदलाल जेथे होते तेथे हे घडले. सामान्य खेड्यातील शाळेचे काय? या शंकेचे उत्तर सेवाग्राम येथे शोधता येते. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली. हातांनी करावयाचे उत्पादक काम हा तिचा पाया होता. आशादेवी आणि आर्यनायकम् यांच्या देखरेखीखाली सेवाग्राम येथे चाललेल्या शाळेत १९४४ साली देवी प्रसाद हे तरुण कलाशिक्षक आले. त्यांचे शिक्षण शांतिनिकेतनात झाले होते आणि पुढे कुंभारकलेतही त्यांनी नाव मिळवले. १९६२ पर्यंत ते सेवाग्रामात होते. तेथील अनुभवातून त्यांनी बालकला आणि शिक्षण यांविषयी लेखन केले.

सेवाग्रामच्या प्रयोगाला एक विशेष महत्त्व आहे. सूतकताई, शेती, सफाई यांना शिक्षणात स्थान दिले की ती केवळ कामे उरण्याचा धोका असतो. किती सूत निघाले एवढाच हिशेब शिल्लक राहतो. कला शेजारी असली तर तेच काम पाहण्याचेही साधन होते. कापसाचे बोंड वेचणारे मूल ते बोंड काढू लागले, म्हणजे त्याला त्याच्या पाकळीसारख्या कवचांची संख्या मोजावी लागते. कला हा शिक्षणातील एक विषय नसून शिक्षणाचा आधार आहे, असे देवी प्रसाद यांचे प्रतिपादन होते.

ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. विदेशी पद्धतीची महागडी शैक्षणिक साधने आदिवासी पाड्यावर नेणे शक्य नव्हते आणि आवश्यकही नव्हते. शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या हीच साधने झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. ज्या वारली घरांतून ही मुले येत, त्यांच्या भिंतींवर गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढली जात. चित्र म्हणजे काय, हे त्या मुलांना शाळेत येण्याआधीच माहीत होते. अशा मुलांपुढे छापील फळांची चित्रे रंगवण्यास ठेवणे म्हणजे त्यांना असलेल्या दृष्टीपासून मागे नेणे होय.

पानापासून आरंभ

आता प्रत्यक्ष वर्गात काय करता येते याचा विचार करू. सर्वांत सोपा आरंभ पानापासून होतो. पान पालथे ठेवावे, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल किंवा मेणखडू आडवा धरून हळूहळू घासावा. पानाच्या शिरा कागदावर उमटतात. पिंपळाचे पान घेतले तर शिरांचे जाळे दिसते. बांबूचे किंवा गवताचे घेतले तर समांतर रेघा दिसतात. वनस्पतिशास्त्रातील हा भेद पुढे पुस्तकात येणारच असतो. परंतु ज्या मुलाने तो बोटांखाली उमटताना पाहिला आहे, त्याला तो पाठ करावा लागत नाही. पिंपळाचे पान काही आठवडे पाण्यात ठेवले तर मधला मऊ भाग कुजून जातो आणि शिरांची जाळी उरते. वहीत जपून ठेवलेले असे पान बहुतेक घरांत कोणाच्या ना कोणाच्या आठवणीत असते.

दुसरा उपक्रम अधिक दीर्घ आहे. प्रत्येक मुलाने शाळेच्या परिसरातील एक झाड निवडावे आणि दर महिन्याला त्याचे एक चित्र काढावे. पळस निवडला असेल तर पावसाळ्यात तीन-तीन पर्णिकांची मोठी पाने येतील, हिवाळ्यात ती गळू लागतील आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुले येतील. पिंपळ निवडला असेल तर तांबूस कोवळी पाने हिरवी होताना दिसतील. वर्षअखेर बारा कागद एका ओळीत लावले म्हणजे झाड बदलले एवढेच दिसत नाही. काढणारा हातही बदललेला दिसतो. हा पुरावा गुणपत्रिकेत मिळत नाही.

रंग कोठून येतो

दुकानातील रंगपेटीने एक मोठी सोय केली आणि एक मोठी जिज्ञासा नाहीशी केली. रंग डबीतून येतो, असे मुलाला वाटू लागले. वस्तुतः शाळेच्या आसपास अनेक रंग पडलेले असतात. गेरू आणि पिवळी माती, कोळसा आणि काजळी, चुना, हळद, पळसाची फुले, पालेभाजीचा रस. माती दगडावर बारीक वाटावी, पाण्यात ढवळून जाड वाळू खाली बसू द्यावी, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात घेऊन निवळू द्यावे. तळाशी जो मऊ थर राहतो तो रंग. नुसता लावला तर तो वाळल्यावर झडतो. त्यात बाभळीच्या डिंकाचे पाणी मिसळले की तो कागदाला धरून राहतो. म्हणजे रंगाला दोन गोष्टी लागतात, एक दिसणारी आणि दुसरी धरून ठेवणारी, हे मुलाला स्वतः कळते. कुंचल्यासाठी बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी दातवणासारखी चावून तिचे टोक मऊ करावे.

हळदीच्या रंगावर चुन्याची निवळी लावली की तो लाल होतो. कुंकू याच गुणावर तयार केले जाते. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली तर जांभळट निळा डाग पडतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की तो गुलाबी होतो आणि साबणाचे पाणी लावले की हिरवट होतो. आम्ल आणि अल्कली हे शब्द न उच्चारताही त्यांची ओळख येथे होऊन जाते.

महिन्याभराने आणखी एक धडा आपोआप मिळतो. खिडकीजवळ लावलेल्या चित्रातील हळदीचा पिवळा रंग फिका पडलेला असतो, गेरूचा तांबडा मात्र तसाच असतो. हळदीतील रंगद्रव्य सूर्यप्रकाशाने विघटित होते. गेरूचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असल्यामुळे प्रकाशाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रे इतक्या शतकांनंतरही का दिसतात, याचे निदान अर्धे उत्तर मुलाला या खिडकीत मिळते. तेथे वापरलेले तांबडे, पिवळे, हिरवे रंग प्रामुख्याने माती आणि दगड यांपासूनच केलेले होते.

माती आणि हात

चिकणमातीचे काम मुलांना सर्वांत प्रिय असते आणि शाळांना सर्वांत नकोसे असते, कारण वर्ग घाण होतो. परंतु माती जे शिकवते ते कागद शिकवीत नाही. कागदावरील बैलाचे पाय कितीही बारीक असले तरी तो उभा राहतो. मातीच्या बैलाचे पाय बारीक केले तर तो बसतो. मुलाला पाय जाड करावे लागतात, किंवा बैल बसलेलाच करावा लागतो. हा निर्णय शिक्षकाने सांगितलेला नसतो, मातीने सांगितलेला असतो. वाळताना पाणी उडून जाते, माती आक्रसते आणि पातळ भाग जाड भागाआधी आक्रसल्यामुळे जोडावर भेग पडते. मातीत बारीक कापलेला पेंढा किंवा धान्याचा भुसा कालवला तर त्याचे तंतू तिला धरून ठेवतात. घराच्या भिंती लिंपताना आजी मातीत भुसा का कालवते, हे मग तिला विचारावेसे वाटते. शाळेतील ज्ञान घरी नेऊन सांगण्याऐवजी घरातील ज्ञान शाळेत आणण्याची संधी येथे मिळते आणि ग्रामीण मुलाच्या आत्मविश्वासाच्या दृष्टीने ती फार मोलाची असते.

निसर्गातील साहित्य गोळा करताना काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. पडलेले वेचावे, लागलेले शक्यतो तोडू नये. पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांना हात लावू नये. गुंजेची बी दिसण्यास सुंदर असली तरी विषारी आहे; एरंडाची बी, धोतरा आणि कण्हेर यांचेही तसेच. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. म्हणून कोणते झाड कोणते, हे मुलांआधी शिक्षकाने ओळखले पाहिजे.

शिक्षकाचे काम

या सर्व उपक्रमांचे यश साहित्यापेक्षा शिक्षकाच्या संयमावर अवलंबून असते. मुलाच्या कागदावर शिक्षकाने कधीही पेन्सिल चालवू नये. फळ्यावर हत्ती काढून दाखवला की वर्गातील चाळीस हत्ती एकाच जातीचे होतात. मूल ‘मला येत नाही’ म्हणाले, तर काढून देण्यापेक्षा प्रश्न विचारावा. ‘या झाडावर संध्याकाळी कोण येते?’ ‘त्याच्या खोडाला हात लावला तर कसे लागते?’ प्रश्नाने मूल कागदाकडून झाडाकडे वळते. ‘छान’ हा शेराही जपूनच वापरावा. त्याने मूल आपल्या चित्राकडे न पाहता शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. निवडक चार चित्रे भिंतीवर लावून उरलेली गठ्ठ्यात बांधण्यापेक्षा सर्वांची लावावीत आणि काही दिवसांनी बदलावीत.

१९३७ साली वर्ध्यात जे मांडले गेले, त्यातील काही आता धोरणाच्या भाषेत आले आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा अनिवार्य विषय असावा अशी शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने इतर विषयांचे अध्यापन कलेच्या साहाय्याने करण्यावर भर दिला. तथापि कागदावरील धोरण वर्गात पोहोचताना त्याचा ‘प्रकल्प’ होतो. प्रकल्पासाठी दुकानात तयार साहित्य मिळते. ‘आपली वने’ या विषयावर थर्माकोलची झाडे कापून, त्यांवर हिरवा रंग फवारून, रात्री उशिरा पालक ती चिकटवतात आणि सकाळी मूल ती सांभाळून शाळेत नेते. १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, त्यामुळे थर्माकोलच्या जागी दुसरे काही आले असेल. परंतु मुलाने वन पाहिले नाही, ही गोष्ट बंदीने बदलत नाही. अशा प्रकल्पाला मिळालेले गुण कोणाचे, हा प्रश्न मुलालाही पडतो आणि त्याचे उत्तरही त्याला ठाऊक असते. स्वतःच्या हाताविषयीचा अविश्वास येथून सुरू होतो.

उलट, ज्याने पळसाच्या तीन पर्णिका मोजल्या, गेरू गाळला आणि मातीचा बैल दोनदा मोडून तिसऱ्यांदा उभा केला, ते मूल पुढे चित्रकार होईलच असे नाही. बहुधा होणारही नाही. शेती, कारखाना, कचेरी अशा कोणत्याही ठिकाणी ते जाईल. परंतु एखादे झाड तोडण्याचा प्रश्न त्याच्यापुढे येईल, तेव्हा त्याच्या मनात ‘झाड’ हा केवळ एक शब्द नसेल. वर्षभर, बारा वेळा, नीट पाहिलेले एक विशिष्ट झाड असेल. दोन डोंगरांचे चित्र काढून मोठे झालेल्याजवळ असे झाड नसते. प्राथमिक शाळेतील कलेच्या तासाला याहून मोठे प्रयोजन शोधण्याची आवश्यकता नाही. त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य शाळेच्या दाराबाहेर पडलेले आहे; दार उघडून मुलांना तेथवर नेण्याचे काम तेवढे शिक्षकाचे आहे.